‘आवाज करू नये’

मित्रांनो, मी एक जुना कर्णा आहे. एका तोंडाने अरुंद, दुसऱ्या तोंडाने ऐसपैस. एका पत्रेवाल्याने तेलाच्या डब्यातून मला कापून घडवले. तेलाचा वास काही जाईना, तेव्हा तो म्हणाला, "राहू दे! बोलणं तेवढंच गुळगुळीत निघेल." हे भाकीत साफ चुकले.

मला आक्काने विकत घेतले. ती रुग्णालयाच्या धुलाईघरात उकळत्या हौदातून चादरी काढायची. त्याच हौदात तिच्या धाकट्या जावेचा हात भाजला. हातमोजे मागून मागून बायकांचे तोंड दुखले, पण साहेबांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले. मग आक्का चौकात उभी राहिली आणि तिने मला तोंडाला लावले.

चौकात पाटी होती : ‘परवानगीशिवाय आवाज करू नये.’ पोलिसांनी आक्काला पकडले आणि मुद्देमाल म्हणून मला लाखेचे सील ठोकले. खालच्या कोर्टाने तिला तुरुंगवास सुनावला. तुरुंगात गेली की नोकरीही जाणार.

"आक्का, माफी मागून मोकळ्या व्हा ना," जाऊ रडत म्हणाली.

"माफी कसली? तुझा हात भाजला त्याची?"

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सरकारी वकील भारीच हौशी. "हा गोंगाट न्यायालयानं स्वतः ऐकावा," म्हणत त्यांनी माझे सील फोडायला लावले आणि मला आक्काच्या हाती दिले. हात दाखवून अवलक्षण, दुसरे काय!

"चौकात बोललात तेच बोला," न्यायमूर्तीबाई म्हणाल्या.

आक्काने मला पुन्हा तोंडाला लावले. तिचा स्वर ठाम होता. "माझ्या जावेचा हात भाजला. आम्हाला हातमोजे द्या."



"वकीलसाहेब, मला शब्दन् शब्द कळला," न्यायमूर्तीबाई म्हणाल्या. "गोंगाट असा कळतो का?"

निकालात त्यांनी लिहिले, ‘पाटीने गोंगाटालाही आवाज म्हटले आणि माणसाच्या बोलण्यालाही. गोंगाट आवरता येईल. बोलण्याची परवानगी मात्र राज्यघटनेने आधीच दिली आहे. ती चौकात पुन्हा मागावी लागणार नाही.’

आक्का सुटली! पाटी उतरली! हातमोजे आले, तेही कोपरापर्यंतचे! मला तर आभाळ ठेंगणे झाले. पुढे त्याच निकालाच्या जोरावर रस्ते झाडणारे बोलले, शिक्षिका बोलल्या, गळक्या शाळेतल्या मुली बोलल्या.

आता मी न्यायालयात काचेच्या कपाटात असतो. काचेवर लिहिले आहे, ‘हात लावू नये.’ पाटी काही माझी पाठ सोडत नाही! वापर नसल्याने मला गंज चढतो आहे, त्याचे वाईट वाटते. मित्रांनो, हक्कांचेही असेच असते. मला हात लावू नका, पण त्या निकालाला गंज चढू देऊ नका.

परवा आक्का जावेला घेऊन आली होती. दोघी म्हाताऱ्या झाल्या आहेत. आक्का मोठमोठ्याने माझी गोष्ट सांगत होती.

"आजी, आवाज करू नका," नवा रखवालदार म्हणाला.

आक्का खणखणीत हसली. "बाळा, त्याचा निकाल कधीच लागलाय!"