कुंचल्याचं टोक

"पेंटर म्हणजे नेमकं काय करता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

बाबांना कामाविषयी विचारलं की संपलंच. पायांवरची सूज, मूत्रपिंडांचा बिघडलेला रिपोर्ट, सगळं विसरून ते दुकानांच्या पाट्यांवर घसरले. टेबलावरचा पेन उचलून त्यांनी कुंचल्यासारखा धरला, त्याचं टोक ओठांत फिरवलं आणि हवेत एक झोकदार अक्षर काढलं.

डॉक्टरीणबाई लिहायच्या थांबल्या. "हे रोज करता?"

"चाळीस वर्षं. असं टोक दुसऱ्या कशानं येत नाही."

रक्त तपासलं, तर त्यात शिसं निघालं. जुन्या पिवळ्या-केशरी रंगांत ते असतं आणि कणाकणानं पोटात जाऊन मूत्रपिंडं पोखरतं. गेलं ते परत येणार नव्हतं. पण शिसं थांबलं तर उरलेलं टिकेल, असं बाई म्हणाल्या. बाबा ऐटीत होते. हत्ती गेला, शेपूट राहिलं, आता कुठे सवय बदलू, असं त्यांचं चाललं होतं.

"घरात आणखी कुणी हे काम करतं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा इतका उतरलेला मी आई गेली तेव्हाच पाहिला होता.

"ही करते," ते म्हणाले. "मीच शिकवलंय. दहा वर्षांची होती तेव्हापासून."

मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त कीव आली. माझा रिपोर्ट येईपर्यंतचे चार दिवस ते धड जेवले नाहीत. माझ्या रक्तात शिसं थोडं जास्त होतं, मूत्रपिंडं ठणठणीत होती. त्याच दिवशी त्यांनी जुने डबे दुकानातून बाहेर काढले, शिसं नसलेले रंग आणले आणि दोघांच्या टेबलांवर एकेक ओलं फडकं ठेवलं. माझा हात तोंडाकडे गेला की खाकरायचे. त्यांचा गेला की मी खाकरायची. गिऱ्हाइकांना वाटायचं, बापलेकीला खोकला झालाय.

सहा महिन्यांनी माझ्यातलं शिसं उतरलं. बाबांच्या मूत्रपिंडांच्या रिपोर्टातला चढत चाललेला आकडा आहे तिथेच थांबला होता.

काल ते एका शिंप्याची पाटी रंगवत होते. शेवटच्या वेलांटीला कुंचला ओठांपर्यंत गेला. मी खाकरले नाही. ते स्वतःच थांबले, फडक्यावर टोक फिरवलं आणि वेलांटी ओढली. ती किंचित जाड आली. केसभर चुकलं तरी अख्खी पाटी पुसणारा हा माणूस. थोडा वेळ ते मान तिरकी करून बघत राहिले.

"राहू दे," म्हणाले आणि पाटी वाळायला ठेवली.