कायदा आणला हो!

"वहिनी, संपलं सगळं! आईवडिलांना इकडे आणायचं बंद! दिलेल्या परवानग्याही रद्द! कायदा आणला त्यांनी!" भोंगा दुकानात शिरला तोच बोंबलत.

भोंगा म्हणजे शिंपीणबाईंचा धाकटा दीर. माणूस लाखमोलाचा, पण मोबाइलवर आलेलं आधी गावभर करायचं आणि मग वाचायचं, ही त्याची रीत! व्हिडिओतला गृहस्थही घसा फोडून तेच सांगत होता. पुढच्या आठवड्यात शिंपीणबाईंची आई मायदेशाहून इकडे, या परक्या देशात, त्यांच्याकडे कायमची राहायला यायची होती. आज संध्याकाळी ती तिकडची भाड्याची खोली सोडणार होती. खोली गेली आणि इथलं दारही बंद झालं, तर म्हातारीने जायचं कुठे? खोली सोडू नकोस, असं आईला सांगायला त्यांनी फोन उचलला.

"थांबा हो," पँटची उंची कमी करायला आलेल्या ग्रंथपालबाई म्हणाल्या. "हे सांगतंय कोण?"

"अख्खं जग!" भोंगा म्हणाला.

"जगाला पत्ता नसतो. चला, वाचनालय समोरच आहे."

तिथे त्यांनी आधी राहण्याचे परवाने देणाऱ्या सरकारी कार्यालयाचंच संकेतस्थळ उघडलं. नियम होता तसाच. मग संसदेतल्या भाषणांची नोंद काढली. एका सदस्याने विधेयक आणलं होतं. बाहेरून आलेल्या म्हाताऱ्यांमुळे दवाखान्यांवर ताण पडतो, असं त्याचं म्हणणं. दुसरी एक सदस्य ताडकन उठून म्हणाली होती, की आजीआजोबा घरात असले तरच आईबाप कामावर जाऊ शकतात. वाद अर्ध्यावर, मतदान बाकी. व्हिडिओवाल्याने पहिल्या भाषणाचा तेवढा तुकडा उचलला होता.

"पण आणला म्हणतात ना?" भोंग्याचं पालुपद चालूच.

शिंपीणबाईंना हसू फुटलं. "अहो भावोजी, नुसतं कापड आणलंय! अजून माप नाही, बेतणं नाही, आणि तुम्ही अंगात घालून मोकळे!"

"उद्या शिवूनही होईल हं," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "आजचं खरं एवढंच."

शिंपीणबाईंनी आईला फोन लावला आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं, उद्याच्या धाकधुकीसकट.

"बरं झालं बाई," आई म्हणाली. "सकाळपासून शेजारीपाजारी तो व्हिडिओ नाचवतायत. मी किल्ली मुठीत धरून बसलेय. म्हटलं, माझी लेक सांगेल तेच खरं."

शिंपीणबाईंच्या मनात आलं, मघाशीच फोन लावला असता तर?

"आई, उद्या नियम बदलला तर गं?"

"तर तू सांगशीलच की," आई म्हणाली. "देऊन येते घरमालकाला किल्ली."