न दुखणारी कावीळ

उत्तर ध्रुवाजवळच्या त्या गावात हिवाळ्याच्या दोन महिन्यांच्या अंधारानंतर सूर्य परत आला, त्या दिवशी सगळं गाव शाळेमागच्या टेकाडावर जमलं होतं. इंगुनही वडिलांना, आर्नुल्फना, घेऊन गेली. रिवाजाप्रमाणे गोड पाव वाटले गेले. आर्नुल्फनी एक घेतला, पण खाल्ला नाही. नुसतं उजेडाकडे तोंड करून उभे राहिले. तेव्हा तिला त्यांचे डोळे दिसले. हळद कालवल्यासारखे.

दोन महिने ती रोज त्यांच्यासमोर जेवायला बसत होती. दिव्याखाली सगळेच पिवळे दिसतात.

"बाबा, इकडे बघा."

"साठ वर्षं कॉड माशाचं पिवळं तेल पितोय, पोरी. आता भरून वाहायला लागलंय."

"आणि पट्टा दोन भोकं आत गेलाय तो?"

"पोट कमी करा म्हणून तूच मागे लागली होतीस ना?"

त्या संध्याकाळी इंगुनने मिळेल ते वाचून काढलं. पित्ताच्या नळीत खडा अडकला तरी कावीळ होते. खडा काढता येतो. पण खडा बहुधा दुखतो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर ब्योर्गनी त्यांना तपासलं. लघवी कॉफीसारखी, शौचाला पांढुरकं, अंगाला खाज.

"खाज लोकरीच्या बनियनची," बाबा म्हणाले.

डॉक्टरांची बोटं उजव्या बरगडीखाली येऊन थांबली. तिथे काहीतरी फुगलेलं हाताला लागत होतं.

"दुखतं?"

"नाही."

"खोल श्वास घ्या. आता?"

"अजिबात नाही." पाढा बिनचूक म्हटल्यासारखा त्यांचा आवाज होता.

थोडं तरी दुखू दे, इंगुन मनात म्हणत होती. "नीट आठवा ना बाबा. जेवल्यावर? पाठीत?"

"दुखत नाही म्हणतोय, तर तूच तोंड पाडून बसलीस!"

डॉक्टरांनी त्यांना हात देऊन उठवलं. "दुखलं असतं तर मला आधी खड्याचाच संशय आला असता, काका. हे वेगळं वाटतंय. उद्याच शहरात जाऊन स्कॅन करा."

स्कॅनमध्ये खडा नव्हता. स्वादुपिंडाला गाठ होती, तिने नळी दाबली होती, आणि ती यकृतापर्यंत पोचली होती. कापण्यात अर्थ नाही, असं तिथले डॉक्टर म्हणाले. त्यांनी नळीत एक बारीक जाळी बसवली, तेवढी पित्ताला वाट झाली.

मार्चमध्ये पिवळेपणा उतरला. दुकानाच्या दारात शेजारीण भेटली.

"आर्नुल्फ, सुधारलात की हो!"

इंगुन पिशवीचे बंद सावरू लागली. बाबांनीच तिच्या हातातली पिशवी घेतली.

"रंग तरी सुधारला," ते म्हणाले.