वालाचं मटण

"आज तरी आणशील ना गो?"

दाजींनी गोळीबरोबर दोन घोट पाणी घेतलं, बाटली डोळ्यांसमोर धरून रेघ पाहिली आणि मग विचारलं. एक लिटरची बाटली, तिच्यावर पेनाने मारलेल्या दहा रेघा. उठल्यापासून झोपेपर्यंत एवढंच पाणी. रेघा लेकीने, पिंकीने मारून दिल्या होत्या, पण सांभाळायच्या दाजींनाच होत्या. जन्मभर भाताच्या खाचरात गुडघाभर पाण्यात उभा राहिलेला माणूस आता घोट मोजत बसला होता.

"बगते," वेणीला रबर लावता लावता त्यांची बायको हौसा म्हणाली. "आज मोठी परीक्षा हाय. ती झाली की मॅडमकडं डबा मागते."

"डबा नको भरून. चार फोडी बास. रस्सा नको, पाणी वाढतंय."

"ठाव हाय मला."

"वाल हायत ना त्ये? मटान नाय ना?"

"वालच हायत. किती येळा सांगू?"

दाजींनी समाधानाने मान हलवली. हा प्रश्न ते गेले चार महिने रोज विचारत होते. उत्तर पाठ होतं, तरी ऐकायला बरं वाटायचं. हौसाने त्यांच्यापुढे बिनमिठाची भाकरी झाकून ठेवली, दार ओढून घेतलं आणि वालाच्या शेताच्या बांधाने निडी स्टेशनाकडे निघाली. गाडी रोह्याची, स्टेशन एकच, पण सत्तावन्नाव्या वर्षी स्टेशनापर्यंत चालूनही तिचे पाय भरून यायचे.

हौसा म्हणजे हळदीच्या मटणाची हौसा. निडीपासून नागोठण्यापर्यंत कुणाकडे हळद असली की पत्रिकेच्या आधी तिला निरोप जायचा. तीन दगडांची चूल, त्यावर कंबरेएवढा टोप, आणि पदर खोचून उभी हौसा. नवरदेवाची हळद बाजूला राहायची आणि माणसं आधी टोपाकडे डोकावून यायची. पण गेल्या तीन वर्षांत त्या टोपातला एक थेंबही तिने जिभेवर ठेवला नव्हता. मसाला भाजल्याचं ती वासावरून ओळखायची, मटण शिजल्याचं फोड बोटांत दाबून. मीठ तेवढं दुसऱ्या कुणाला चाखायला द्यायची आणि चाखणाऱ्याचं तोंड बघायची. लोकांना वाटायचं, म्हातारीने उपास धरलाय.

उपास कसला! दाजींच्या किडन्या गेल्या, आठवड्यातून दोनदा पेणला मशीनवर झोपायची पाळी आली आणि डॉक्टरांनी कागदावर काय काय बंद ते लिहून दिलं. मटण पहिल्याच ओळीत होतं. कडधान्याच्या पुढे लिहिलं होतं, आठवड्यातून एक वाटी. त्या दिवशी पेणहून रामवाडीला पिंकीच्या घरी आल्यावर तिने बापाला दुधी आणि आईला मटण वाढलं. हौसाने ताट सरकवून ठेवलं. "तुमी खाल तवा मी खाईन," ती नवऱ्याला म्हणाली. त्याला कारण होतं. लग्नानंतरच्या पहिल्या आखाडात सासूची पाठ वळलेली बघून दाजींनी आपल्या ताटातली नळी गुपचूप तिच्या ताटात टाकली होती. पुढे सासू गेली, चोरी संपली, पण नळी येतच राहिली. घरात मटण शिजलं की मगजाने भरलेली नळी हौसाची. आता ती टोपातून आपल्या हाताने काढून घेऊन खायची, हे तिला कसंतरीच वाटलं.

समीक्षा मॅडम तिला अशाच एका हळदीत भेटल्या. चष्मेवाली, बारीक अंगाची पोरगी, रोह्याच्या कुठल्याशा कंपनीत खाण्याच्या वस्तूंवर संशोधन करणारी. दोनदा मटण वाढून घेतलं आणि हात न धुताच चुलीपाशी आली. "हे कुणी केलं? काकू, माझ्याकडे याल? आम्ही वालापासून मटण बनवतोय."

हौसा एवढी हसली की तिच्या हातातलं उलथणं टोपात पडलं. वालाचं बिरडं होतं, खिचडी होते, फार तर पोपटीच्या मडक्यात शेंगा भाजतात. मटण?

पण ती गेली. आणि पहिल्याच दिवशी तिने मॅडमना शहाणं केलं. कडव्या वालाचं पीठ करायचे, त्यातून म्हणे प्रथिनं काढायचे, यंत्रातून दाबून धाग्यांसारखे तुकडे पाडायचे. सगळं झकास, पण तोंडात घातलं की उग्र वास यायचा. मोठमोठे शिकलेले लोक त्या वासापुढे हात टेकून बसले होते. हौसाने कच्चे वाल बघितले आणि कपाळावर हात मारला. "अहो, भिजवले नाय, मोड नाय काढले, सोलले नाय, तर वास मारनारच! घरात कोन असं खातं?" दोन दिवसांनी मोड आलेले सोललेले वाल यंत्रात गेले आणि वास निम्म्याहून कमी झाला. समीक्षाने तिला मिठीच मारली.

तेव्हापासून आठ महिने हौसा आठवड्यातून तीन दिवस तिथे जायची. पांढरा कोट, डोक्यावर टोपी. वालाचे तुकडे चाखायचे आणि काय चुकलं ते सांगायचं. "ह्यो रबरासारखा हाय." "ह्याला बोकडाचा वास नाय, रंगाला घातलेल्या बिटाचा येतोय." एकदा म्हणाली, "समदं खरं मॅडम, पन ह्यात नळी कुठंय?" सगळे हसले. समीक्षा मात्र वहीत लिहून घेत म्हणाली, "ते आपल्याच्याने नाही व्हायचं काकू."

चार महिन्यांपूर्वी, सत्तेचाळिसाव्या नमुन्याला, हौसाचे दात फोडीत रुतले आणि ती थांबली. धागा सुटत होता, रस येत होता. तिला तिच्याच टोपाची आठवण झाली. तो घास तिने गिळला नाही. तोंड पुसल्याचं निमित्त करून कागदात काढला. हे जमलं, तर पहिला घास ह्यांचा, असं तिच्या मनाने घेतलं. मटण बंद आहे, पण हे तर मटण नाही. वाल आहेत. वाल आठवड्याला वाटीभर चालतात, असं डॉक्टरच्या कागदावर आहे. घरी येऊन तिने दाजींना सांगितलं, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्या माणसाच्या तोंडाला पाणी सुटलेलं तिने पाहिलं.

आजच्या परीक्षेची खोली बारकी होती. लाकडी आडोसे, वर लाल दिवा. रंगावरून कुणी ओळखू नये म्हणून तो दिवा, असं समीक्षाने समजावलं. हौसापुढे तीन वाट्या आल्या. "दोन वाट्यांत एकच आहे काकू, एक वेगळी आहे. चाखायचं, मध्ये पाणी प्यायचं आणि वेगळी कुठली ते कागदावर खूण करायची."

"वेगळी म्हंजी?"

"खरं मटण आणि आपलं. कशात काय ते मलाही माहीत नाही."

हौसाचा हात जागच्या जागी राहिला. आठ महिन्यांत खरं मटण कधी तिच्यापुढे आलं नव्हतं. खरं तिच्या डोक्यात होतं, म्हणून तर तिला बोलावलं होतं. आडोशापलीकडे बाकीचे चाखत होते. सांगितलं तर काय होईल? परीक्षा मोडेल, मॅडमचं काम मोडेल, आणि डबा मागायचं तोंड राहणार नाही. तिने इकडेतिकडे पाहिलं, पहिल्या वाटीत बोट बुडवलं आणि अंगठ्यावर चोळलं. तेल सरकून गेलं. दुसरीतही तसंच. तिसरीत बोट घातलं, चोळलं, आणि थांबली. बोट गार होताच चरबी धरली. बोकडाची चरबी पाण्यानेही जात नाही, पस्तीस वर्षं टोप घासणाऱ्या बाईला हे कुणी सांगायला नको. तिने तिसरीपुढे खूण केली.

समीक्षाने सगळे कागद गोळा केले, आत जाऊन तपासले आणि धावत बाहेर आली. "काकू! बारा जणांत फक्त तिघांनी बरोबर ओळखलं. म्हणजे आपलं जमलं! आणि त्या तिघांत तुम्ही आहातच. कसं ओळखलंत? चव कुठे वेगळी लागली?"

हौसाला खोटं बोलता आलं असतं. पण पोरीचा चेहरा इतका उजळला होता की तिला ते नको वाटलं.

"मी चाखलंच नाय मॅडम. बोटानं ओळखलं. मी मटान खात नाय, तीन वर्सं झाली."

मग तिने सगळंच सांगून टाकलं. मशीन, कागद, बाटलीवरच्या रेघा. समीक्षा ऐकत राहिली. तिने हौसाचा कागद बाजूला काढून त्यावर काट मारली आणि म्हणाली, "असू दे. एक कागद गेला. पण आठ महिने बोलला का नाहीत?"

"बोलून काय? आता एक काम करा. मला चार फोडी डब्यात द्या. आपल्या वालाच्या. ह्यांना नेते. ह्ये वाट बगून ऱ्हायलेत."

समीक्षाचं हसू गेलं.

"काकू, दाजीकाकांना डायलिसिस आहे ना? त्यांना हे नाही देता येणार."

"अवो, वालच हायत की. वाटीभर वाल चालतात त्यांना."

"नुसते वाल नाहीत. आपण वालातली प्रथिनं काढून घट्ट केलीत. एका वाटीत कितीतरी वाट्यांचे वाल आलेत. वर मीठ आहे, फॉस्फेट घातलंय, नाहीतर रस धरत नाही. किडनी गेलेल्या माणसाला हे सगळं बाहेर टाकता येत नाही. त्रास होईल. जिवावर बेतेल काकू."

"मीठ काढा मंग त्यातलं. चार फोडींपुरतं."

"काढलं तरी बाकीचं राहतंच ना."

हौसा बाकावर बसली. पाय दुखतात म्हणून बसली, असं तिने समीक्षाला सांगितलं. चार महिने ती ज्या एका ताटासाठी धागा, रस, वास जुळवत होती, ते ताट या खोलीत कधी कुणाच्या मनातच नव्हतं. आणि त्यात पोरीचा काय दोष? डॉक्टरचा कागद आपणच आपल्याला हवा तसा वाचला.

"मंग कोनासाठी केला ह्यो खटाटोप?"

समीक्षा खाली बघत होती. "ज्यांना मटण खाता येतं, पण खायचं नाही, त्यांच्यासाठी," ती हळू म्हणाली. "हृदय, कोलेस्टेरॉल... आणि शहरात हल्ली बरेच लोक सोडतात काकू."

"सोडतात?" हौसाने विचारलं. सुखाने सोडणारी माणसं असतात, हे तिला नवीन होतं. तिने कोट काढला, घडी घालून बाकावर ठेवला आणि टोपी त्यावर ठेवली. दारापर्यंत पोचवायला आलेल्या समीक्षाचे डोळे भरलेले पाहून तिनेच तिच्या पाठीवरून हात फिरवला. "तुजं जमलं ना? ब्येस झालं. आता जरा जेव, नुसती काडी झालीस."

परतीच्या गाडीत तिने खिडकीला डोकं टेकलं. एवढी दमणूक तिची चारशे माणसांच्या हळदीनंतरही कधी झाली नव्हती. मांडीवर रिकामा डबा होता. दाजींना काय सांगायचं, ते निडी आलं तरी ठरेना. उद्या त्यांचा मशीनचा वार. आदल्या दिवशी अंगावर सूज असते, चिडचिड असते. आजचा दिवस त्यांनी त्या चार फोडींवर काढला असणार.

घरी दाजी पडवीतच बसले होते. त्यांनी आधी तिच्याकडे नाही, डब्याकडे पाहिलं.

"आनलंस?"

"गरम करते," हौसा म्हणाली आणि सरळ आत गेली.

मांडवावरचा दुधी सकाळीच काढून ठेवलेला होता. तिने त्याच्या मोठमोठ्या फोडी केल्या, मटणाच्या करतात तशा. उकळून पाणी ओतून दिलं, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं. मग कांदा जाळावर काळा होईस्तो भाजला, चिमूटभर खोबरं, लसूण, मिरी, लवंग, हळदीच्या टोपाचा मसाला. मीठ नाही. फोडी तव्यावर परतल्या, मसाल्यात घोळवल्या आणि झाकण ठेवून मंद आचेवर मुरू दिल्या. वास पडवीपर्यंत गेला असावा, कारण दाजी काठी टेकत आपणहून आत आले आणि पाटावर बसले. अजून दिवेलागण व्हायची होती. ते हल्ली लवकरच जेवायचे.

तिने त्यांना चार फोडी वाढल्या. आपल्यालाही ताट घेतलं, भात आणि फोडी.

"ह्येच गो त्ये?"

"व्हय," ती म्हणाली. ठरवायच्या आतच तोंडातून गेलं.

दाजींनी फोड तोंडात घातली. हौसा त्यांचं तोंड बघत राहिली, चाखणाऱ्याचं बघायची तसं. ते हळूहळू चावत होते. हा दुधी त्यांनीच लावलेला. काठी टेकत टेकत त्याच्या वेलाला आधार दिलेला, बाटलीतल्या आपल्या पाण्याहून जास्त पाणी त्याला घातलेलं. डोळे बांधून दिला असता तरी त्यांनी तो ओळखला असता. त्यांचं चावणं क्षणभर थांबलं. त्यांनी हौसाकडे पाहिलं. दिवसभर कोटाखाली चुरगळलेल्या तिच्या बाह्या, चुलीच्या धगीने लाल झालेले डोळे. मग ते पुन्हा चावू लागले.

"मऊ शिजलंय," ते म्हणाले. "हळदीवानी."

हौसाने भातात नुसती बोटं फिरवली.

दाजींनी ताटातल्या फोडी बोटाने चाचपल्या. त्यातली एक लांबट, सालीकडची निबर फोड निवडली आणि पाटावरून वाकून तिच्या ताटात ठेवली.

"घे. नळी."

हौसाने ती उचलली. दोन बोटांत धरून ओठांशी नेली आणि मगज ओढतात तशी, आवाज करून ओढली.