खार माझ्यात नव्हता

मी बरणी आहे. काचेची, रुंद तोंडाची, राजिवड्यातल्या ताजबीच्या घरातली. आणि मी कुणाचाही जीव घेतलेला नाही. हे आधी ऐकून घ्या, बाकीचं मग सांगते. दहा वर्षं माझ्यावर आळ होता आणि दहा वर्षं मी गप्प बसले. आता मला बोलू द्या, मध्ये कुणी तोंड घालू नका.

जन्म माझा कुठल्याशा कारखान्यातल्या भट्टीतला. तिथलं काही आठवत नाही. आठवतं ते रत्नागिरीच्या बाजारातल्या एका बेकरीचं फळकूट. तिथं मी नानकटाई सांभाळायचे. पुढे बेकरीवाल्याला प्लॅस्टिकच्या बरण्यांचं वेड लागलं आणि मला ताजबीनं घरी आणलं. ताजबी म्हणजे घरातली थोरली. माहेर पूर्णगडचं, हात सढळ, जीभ त्याहून सढळ. तिनं मला घासलं, उन्हात वाळवलं आणि माझ्यात कैरीचं लोणचं भरलं. दारी आलेलं माणूस तिच्याकडून उपाशी गेलेलं मी पाहिलं नाही. "जेवलास काय?" हा तिचा पहिला प्रश्न. माणूस नाही म्हणाला तर वाढायची, हो म्हणाला तरी वाढायची. पुढे सगळा घात ह्याच गुणानं केला.

ताजबीचा थोरला मुलगा हारुन मस्कतला एका शेठकडे ड्रायव्हर होता. शेठच्या बंगल्यात भिंतीएवढी माशांची टाकी होती, ती साफ करायचं कामही त्याच्याच गळ्यात. करता करता त्याला माशांचा नाद लागला. अठ्ठ्याण्णव साली रजेवर आला तेव्हा त्यानं मुंबईहून एक छोटी टाकी आणली आणि तिच्यात काळे मोली मासे सोडले. सगळा मोहल्ला हसला. ज्या घराचा धाकटा मुलगा फैझान लाँचवर मासेमारीला जातो, त्या घरात मासे पाळायचे? ह्यांचं कालवण तरी होईल काय, असं ताजबीनं सरळ विचारलं होतं.

हारुनची मुलगी फिजा मात्र टाकीपुढून हलेना. शाळेतून आली की दप्तर टाकायची आणि काचेला नाक लावून बसायची. तिची आई झारा हाका मारून थकायची.

मोली अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते. पहिल्यांदा पिल्लं झाली तेव्हा फिजा नाचली. दुपारपर्यंत एकही उरलं नाही. बाकीच्या माशांनी खाल्ली, त्यांच्या आईनंही खाल्ली. दर शुक्रवारी मस्कतहून फोन यायचा. त्या शुक्रवारी पोर फोनवर नुसती रडली. फोन माझ्या फळीशेजारीच, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. हारुननं तिला समजावलं, की पुढच्या वेळी आईचं पोट फुगलं की लक्ष ठेव आणि पिल्लं झाल्याबरोबर वेगळी काढ.

वेगळी ठेवायची कशात? तर माझ्यात! लोणचं निघालं दुसरीकडे आणि मला घासायला घेतलं. राखेनं घासलं, लिंबानं घासलं, गरम पाण्यानं धुतलं, उन्हात ठेवलं, पुन्हा धुतलं. नाक खुपसून खुपसून वास घेतला. तेलाचा थेंब नाही, खाराचा कण नाही. हे नीट लक्षात ठेवा.

नव्व्याण्णवच्या हिवाळ्यात माझ्यात पिल्लं आली. काळ्या तिळांना डोळे फुटावेत, एवढीशी. दिवसभर माझ्या काचेला तोंडं लावत फिरायची. नानकटाई आणि लोणचं सांभाळणारी मी, जिवंत काही माझ्यात पहिल्यांदाच आलं होतं. सांगायला लाज कसली, मला ती माझीच वाटायला लागली.

त्यांचं खाणं हारुननं फोनवर शिकवलं. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक घ्यायचा, ओढणीच्या टोकात बांधून वाटीभर पाण्यात हलवायचा आणि त्या पाण्याचे थेंब पिल्लांना द्यायचे. "तुला पुरेसं वाटेल त्याहून कमीच घाल," तो म्हणाला. "उरलेलं पाण्यात कुजतं, आणि श्वास त्यांना त्याच पाण्यात घ्यायचाय. उपाशी पिल्लू तग धरतं, कुजक्या पाण्यातलं नाही धरत. आणि भरवायचं एकानंच." मग म्हणाला, "ईदला येतोय. तू एवढीशी होतीस तेव्हा मी इकडेच होतो बाय. निदान ही तरी एवढीशी असताना बघू दे."

फिजानं ते मनावर घेतलं. घरात सगळ्यांना बजावलं, "माझ्याशिवाय कुणी काही घालायचं नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. ती थेंब मोजून घालायची, तळाला साचलेलं बारीक नळीनं ओढून काढायची, रात्रभर भांड्यात ठेवलेलं पाणी हळू हळू ओतायची. पिल्लं अंगानं भरली. मला वाटलं, आता हारुन येणार, मला दोन्ही हातांनी उचलणार.

आणि रमजान आला.

आता ऐका ह्या मायाळू माणसांचे पराक्रम. दिवसभर सगळ्यांच्या पोटात कावळे. स्वतःचं पोट रिकामं असलं की दुसऱ्याचं दिसतं, ही चांगलीच गोष्ट. पण म्हणून माझ्यात? पहाटे सेहरीला उठली की ताजबी माझ्याजवळ यायची आणि पुटपुटायची, "रोजा आपला, ह्या लेकरांचा थोडाच हाय?" आणि बलकाचा गोळा बोटांनी चुरून टाकायची. तिची पाठ वळली की झारा. फिजाच्या वाटीत उरलेलं पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून सगळं माझ्यात रिकामं करायची. संध्याकाळी इफ्तारनंतर फैझान. तो तर दर्यावर्दी! मासा काय खातो हे ह्याला कुणी शिकवायचं? सुका जवळा तळहातावर चुरायचा आणि चिमूटभर घालायचा. ह्याला ठाऊक नाही तिनं घातलं, तिला ठाऊक नाही त्यानं घातलं. ज्याला त्याला वाटायचं, एवढ्याशानं काय होतंय!

एवढ्याशानं? अहो, पिल्लंच एवढीशी होती!

मी किती ओरडले असेन. पण काचेला आवाज फुटतो तो फुटतानाच. तळाला जवळ्याचा थर बसला. फिजा नळीनं काढायची, तिला वाटायचं आपलाच बलक जास्त होतोय. म्हणून ती बिचारी आपले थेंब आणखी कमी करायची. मग पिल्लं रोडावतील ह्या भीतीनं हळूच चार थेंब वाढवायची. पाणी धूसर झालं, मग ताकासारखं. पिल्लं वर येऊन तोंडं उघडायला लागली. ताजबी म्हणाली, "बघा, भूक लागलीय," आणि आणखी घातलं! मला त्या क्षणी फळीवरून खाली उडी मारावीशी वाटली. मी फुटले असते तर निदान कुणी सगळं पाणी तरी बदललं असतं.

हारुन यायच्या आदल्या सकाळी सगळी तरंगत होती. एक हललं, मग तेही थांबलं.

फिजानं माझ्यात हात घातला. तळाचा गाळ बोटांवर घेतला, वास घेतला. जवळा! ती सगळं समजली. मागे घरातली सगळी उभी होती. ताजबी पदर डोळ्यांना लावून रडत होती, झारा भिंतीकडे बघत होती आणि फैझान म्हणत होता की थंडीनं झालं असेल. कुणी कुणाच्या नजरेला नजर देईना. पोरगी एकेकाकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही फाडफाड बोलणार. बोल गो बाय!

"बरणीच वाईट होती," ती म्हणाली. "लोणच्याचा खार मुरलाय तिच्यात."

आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. हो हो, खारच तो, किती वर्षांचा! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. मला कळत होतं की तिनं दादीला वाचवलं. उपाशीपोटी रडणाऱ्या म्हातारीवर तिला आळ घालवेना. पण मग माझ्यावर घातला, त्याचं काय?

हारुन आला. मला उचललं खरं, पण रिकामी. माझ्या तोंडाशी नाक नेलं, आईकडे बघितलं, मुलीकडे बघितलं. त्याला कळायला कितीसा वेळ? दोन महिन्यांची रजा त्याला भांडणात घालवायची नव्हती. तोही गप्प बसला आणि मला खाली ठेवलं. वा रे न्याय!

त्यानंतर माझ्यात खाण्याची चीज कुणी ठेवली नाही. मला मागच्या पडवीत नेलं. आधी गंजके खिळे, मग धुण्याची पावडर, मग कपड्यांचे चिमटे. शेजारीण विचारायची, बरी बरणी आहे, अशी का टाकलीय? तर उत्तर ठरलेलं, तिच्यात खार आहे. ताजबी तर माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. चिमटे हवे असले तर दुसऱ्याला पाठवायची.

ह्या वर्षी, दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात, फिजा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सासर तिचं सावर्ड्याचं. मुलगी झाली. जन्मल्यावर मधाचं बोट चाटवलं, तो रिवाज, फिजानं चालवून घेतलं. पण पुढे? चिमट्यांमुळे मला बाळाच्या लंगोटांची संगत, त्यामुळे सगळं पडवीतून दिसायचं. झारा साखरेचं पाणी घेऊन हजर. फैझान चहात बुडवलेलं बिस्किट घेऊन हजर, पोर महिन्याची नाही अजून! ताजबीची गुटी, शेजारणीची वेगळी गुटी. ज्याला त्याला वाटायचं, एवढ्याशानं काय होतंय.

पोरीचं पोट बिघडलं. दोन दिवस दवाखाना झाला. घरी आणल्यावर फिजा पडवीत तिला घेऊन बसली होती, तर म्हातारी ताजबी हळूच आली, बोट मधात बुडवून. फिजानं तो हात धरला.

"दादी, नको," ती म्हणाली. "तेव्हा बरणीनं नव्हती मारली. आपण मारली, भरवून भरवून. मी खोटं बोलले."

ताजबी खाली बसली. बोटावरचा मध तसाच.

"ठाव होतं गो मला," ती म्हणाली. "म्हणून तर बघवत नाय तिच्याकडं."

ठाऊक होतं! म्हणजे दहा वर्षं हिला ठाऊक होतं आणि मी चिमटे सांभाळतेय! माझा असा काही संताप झाला की सांगता सोय नाही. पण मग म्हातारीनं बोट स्वतःच्या तोंडात घातलं, पदरानं डोळे पुसले आणि चिमटे खाली ओतले. स्वतःच्या हातांनी मला राखेनं घासलं. दोन दिवस उन्हात ठेवलं. आणि कैरीचं लोणचं भरून तोंडाला फडकं बांधलं, फिजाबरोबर सावर्ड्याला न्यायला.

माझा राग गेलेला नाही. ती एवढीशी तोंडं अजून माझ्या काचेला लागतात. म्हणून सांगते, ज्याच्या घरात लहान जीव आहे त्यानं आधी आपला हात आवरावा. माया आली की भरवत सुटू नका, भरवणाऱ्याला विचारा. आणि चुकलात तर चुकलो म्हणा, मुक्या भांड्यावर ढकलू नका.

काल शेजारीण आली होती. मला बघून नाक मुरडलं आणि म्हणाली, ह्या खारट बरणीत लोणचं घातलंस ताजबी?

ताजबीनं माझ्यावर हात ठेवला.

"काचेत कधी खार मुरतो काय गो? चूक आमची होती."

ऐकलंत? मीही ऐकलं. आता जा आपापल्या कामाला, आणि मला हलवू नका. लोणचं नवं आहे.