पानागियाचा मुक्काम

काल्लिरोईनं पानागियाला लोकरीच्या शालीत गुंडाळलं, होडीच्या पुढच्या टोकाशी उशीवर टेकवलं आणि वरून दोरी आवळली. "काचतंय का गं कुठं?" तिनं विचारलं. तसबिरीतली आई काही बोलली नाही. वर्षभरात ती कधी बोलली नव्हती, पण काल्लिरोईचं त्यावाचून काही अडलं नव्हतं.

त्या ग्रीक बेटाची रीतच तशी. समोरच्या ओसाड बेटावर पानागियाचं, म्हणजे येशूच्या आईचं, चिमुकलं चर्च आहे, पण तिची तसबीर तिथं राहत नाही. वर्षभर ती गावातल्या कुणाच्या तरी घरी मुक्कामाला असते. पंधरा ऑगस्टला यजमानानं तिला होडीतून तिकडं न्यायचं, तेही शिडावर. ती बसलेल्या होडीचं इंजिन लावायचं नाही. तिथं गावाला जेवू घालायचं आणि जेवणं उरकली की जो पुढं येईल त्याच्या हाती तिला द्यायचं. कुणीच पुढं आलं नाही, तर ती जुन्याच घरी परत. मात्र जुन्या यजमानानं आपल्या तोंडानं "मला राहू द्या" म्हणायचं नाही. हावरटपणा आईला खपत नाही म्हणे.

गेल्या उन्हाळ्यात काल्लिरोईचा नवरा स्तामातिस मोठ्या हौसेनं पुढं झाला होता. आईला घरी आणलं, भिंतीत खिळा ठोकला, दिवा टांगला आणि ऐन हिवाळ्यात स्वतःच देवाघरी निघून गेला. तेव्हापासून काल्लिरोई रोज संध्याकाळी शेंगा सोलत तसबिरीसमोर बसायची. "त्याला सांग, छपराची गळती काढून घेतली." "त्याला सांग, शेळी व्याली, दोन्ही पिल्लं त्याच्यासारखी हट्टी आहेत." मध्ये निरोप्या असला की माणूस नुसतं गावाला गेल्यासारखं वाटतं. तिचं दुःख असं कसंबसं तरून होतं.

म्हणून यंदा तिला एकच हवं होतं: कुणी पुढं येऊ नये. आणि आशेला जागाही होती. बहुतेक तरणी घरं पोटापाण्यासाठी पिरेयस बंदराला गेलेली, उरलेल्यांना गुडघेदुखी. आठवडाभर तिनं गावात कान टवकारले होते, पण आईला न्यायचं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं.

खाडीत मेल्तेमी वारा पिसाळला होता. मागच्या होडीतून गावातला याकुमिस ओरडला, "काकू, शीड आवरा जरा! आईला नेताय की मेंढरं हाकताय?"

"तू तुझ्या इंजिनाचा धूर आवर आधी! आईला ठसका लागेल!"

मागं सगळे हसले. तीही हसली. सुकाणू मात्र तिनं घट्ट धरलं होतं, स्तामातिसनं शिकवलं तसं.

प्रार्थना झाली. चर्चच्या अंगणात फळ्या टाकून पंगत बसली. रात्रभर भट्टीत शिजलेले छोले, बोकडाचं मटण, घरची वाइन. लोक बोटं चाटत होते आणि काल्लिरोई वाढता वाढता त्यांची तोंडं न्याहाळत होती. म्हातारा निकिफोरोस खाकरून उठला, तशी तिच्या हातातली पळी थांबली. त्याला फक्त वाइन हवी होती. तिनं पेला काठोकाठ भरून दिला.

पाद्रीबाबांनी विचारलं, "आईला कोण नेणार?"

कुणी हललं नाही. मग याकुमिसची बायको आर्गिरो एप्रनला हात पुसत उठली.

"आम्ही नेतो. काकू, तुम्हाला सांगू? यावरून तीन घरांत भांडण झालं! सगळ्यांचं एकच म्हणणं, यंदा काकूंच्या डोक्यावर हे ओझं नको. एकट्या बाईनं दिवा सांभाळायचा, गावजेवण घालायचं, म्हणजे काय चेष्टा आहे? तुमच्या कानावर जाऊ दिलं नाही एवढंच. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या."

माना डोलल्या. एकदोघींनी डोळेही टिपले. काल्लिरोईला असा संताप आला की तिला वाटलं, छोल्यांची हंडी यांच्या डोक्यावर उपडी करावी. मेल्यांनो, विचारायचं तरी! पण विचारलं असतं तरी तिला सांगता आलं नसतं.

तिनं तसबिरीला ओठ लावले आणि पुढं धरली. आर्गिरोनं घेतली. तसबीर सुटेना.

"काकू, सोडा ना."

तिनं सोडली. पाद्रीबाबांनी घंटा वाजवली.

"तेल दिवे लागायच्या आत घाल," काल्लिरोई म्हणाली. "वात बारीक ठेव, काजळी धरते. आणि शेंगा सोलायला बसशील तेव्हा तिच्यासमोर बस. गप्प नको बसूस. दिवसभराचं ऐकायची सवय आहे तिला."

याकुमिस हसला. "आमच्याकडं चार तोंडं आहेत काकू! आईचे कान किटतील!"

आर्गिरो हसली नाही. ती काल्लिरोईकडं बघत राहिली आणि तिचा चेहरा उतरला. तसबीर घेतलेले हात जरासे पुढं आले. पण घंटा वाजली होती, आता वर्षभर आई मागं फिरत नाही.

"संध्याकाळी येत जा काकू, दिव्याला," ती हळूच म्हणाली.

"येईन हं," काल्लिरोई म्हणाली. लोकांच्या घरात, चार तोंडांसमोर, मेलेल्या नवऱ्याला निरोप कसा धाडायचा, हे काही तिनं विचारलं नाही.

परतताना इंजिन लावायला हरकत नव्हती. तिनं शीडच उभारलं. एकेक होडी तिला मागं टाकून गेली.

घरी पोचली तेव्हा दारात अजून ऊन होतं. भिंतीवर खिळा होता आणि काजळीचा डाग. सवयीनं तिनं तेलाची बाटली काढली आणि तशीच परत ठेवली. शेंगांची टोपली मांडीवर घेतली.

"त्याला सांग," तिनं सुरुवात केली आणि थांबली. सांगायला कोणी नव्हतं.

मग तिनं आपली खुर्ची त्याच्या रिकाम्या खुर्चीकडं वळवली. त्याला पुरून आल्यापासून ती त्याच्याशी थेट बोलली नव्हती.

"स्तामातिस," ती म्हणाली, "शीड मीच चालवलं. पोरं चांगली आहेत रे. आईला घेऊन गेली."

ती उत्तराची वाट बघत बसली. शेंगा तशाच राहिल्या, ऊन दारातून गेलं, आणि तेव्हा कुठं तिला कळलं की तो मेला आहे.