एक्केचाळीस हेडफोन आणि एक लाकडी डोके

दोन रबरी कान. दोन्ही एकाच माणसाचे, आणि तो माणूस स्वतःच्या कानांसकट अजून हिंडतो आहे.

पेल्यात ढवळला जाणारा चमचा. अठ्ठावीस सेकंद.

"नाक कशाला? हेडफोन काय नाकावर घालतात?"

बावीस पाने. मग एकोणीस. मग सोळा.

एक खोडरबर, कोपरा झिजलेला.

"छान आहे गं."

मित्रांनो, या गोष्टी एकमेकींना ओळखत नाहीत असे तुम्हाला वाटेल. मलाही बरेच दिवस तसेच वाटत होते. मी एक जुने लाकडी डोके आहे. मला धड नाही, केस नाहीत, आणि ज्याला तुम्ही डोके चालवणे म्हणता तेही मला बेताचेच जमते. माझे काम एकच होते. हेडफोन घालून गप्प बसायचे.

मला एका सुताराने बनवले. दाराच्या चौकटीतून उरलेल्या फळ्या त्याने एकावर एक चिकटवल्या आणि मला तासले. मापे त्याच्या भाचीने दिली होती. तिने ओळखीच्या तीस माणसांची डोकी मोजली आणि त्यांची सरासरी काढली. म्हणून मी कुणासारखाच नाही, आणि सगळ्यांसारखा थोडाथोडा आहे. या भाचीला घरात सगळे मोजपट्टी म्हणतात. मीही तेच म्हणतो.

कान मात्र सरासरीचे नाहीत. ते मामाचे, म्हणजे त्या सुताराचे आहेत. मोजपट्टीने त्याला कुशीवर निजवून त्याच्या कानात साच्याचा लगदा ओतला. आधी एका कानात, मग दुसऱ्यात. लगदा सुकेपर्यंत बोलायची, हलायची बंदी होती. तो तास आपल्या संसारातला सर्वांत शांत तास होता, असे मामी अजून सांगते.

नाकाचा प्रश्न तेव्हाच निघाला होता. मामाने विचारले, नाक कशाला? मोजपट्टी थोडा विचार करून म्हणाली, "राहू दे." नाक कोरायला मामाला आणखी दोन दिवस लागले असते.

माझी खोली तिसऱ्या मजल्यावर होती. भिंतींना जाड फोम, खिडकीच्या फटींत दाबलेल्या लोकरीचा नमदा, एक टेबल, एक चाक नसलेली खुर्ची. पंखा नव्हता, कारण पंखा बोलतो. तिथे दरवर्षी हेडफोनांची यादी तयार होई. पहिला कोण, दुसरा कोण, शेवटचा कोण. ज्यांचे काम कानाने चालते अशा लोकांसाठी ती एका छोट्या मासिकासोबत जाई. फोनवर तक्रारी घेणारे, दुभाषे, ध्वनिमुद्रण ऐकून टाइप करणारे. हे लोक आठ-आठ तास हेडफोन घालतात. त्यांना गाण्याशी कर्तव्य नसते.

अर्धे गुण आवाजाला होते, अर्धे आरामाला.

आवाजासाठी माझ्या रबरी कानांत दोन बारीक मायक्रोफोन होते. हेडफोनातून खर्जापासून शिट्टीपर्यंत एक लांबलचक स्वर निघे आणि समोरच्या पडद्यावर त्याची रेघ उमटे. रेघ जितकी सपाट, तितका हेडफोन प्रामाणिक. मग मोजपट्टी तोच हेडफोन स्वतः कानाला लावून तिचे ठरलेले आवाज ऐके. पेल्यातला चमचा. फाटणारा कागद. जिना चढताना आकडे मोजणारी बाई. हे आवाज ऐकताना ती डोळे मिटून घेई. का, ते मला आजवर कळलेले नाही. चमचा डोळ्यांना कुठे दिसत होता?

आरामाची परीक्षा सर्वस्वी माझी. कानांभोवती आणि टाळूवर दाब मोजणाऱ्या पातळ चकत्या बसवल्या होत्या. प्रत्येक हेडफोन दोन तास माझ्या डोक्यावर राही. मी हललो नाही, कुरकुरलो नाही. माझ्याइतके समंजस गिऱ्हाईक जगात झाले नसेल.

सुरुवातीला तिने माणसेही वापरून पाहिली होती. तिच्या दादाने सगळे हेडफोन चांगले ठरवले, मामाने सगळे वाईट. तेव्हा तिने वहीत लिहिले, "माणूस मन राखतो, लाकूड राखत नाही." त्या दिवसापासून आरामाच्या बाबतीत माझाच शब्द अखेरचा झाला. संपादक मला 'परीक्षकसाहेब' म्हणत. मासिकात माझा फोटोही आला, एका बाजूने. समोरून मी बरा दिसत नाही.

मला मात्र एक कुतूहल होते. आराम म्हणजे काय? चकत्या चार असा आकडा दाखवत आणि मोजपट्टी म्हणे, "वा, आराम आहे." नऊ दाखवत आणि ती म्हणे, "हा दुखेल." मला चार म्हणजे चार होते आणि नऊ म्हणजे नऊ. दुखणे नावाची काहीतरी गोष्ट या दोन आकड्यांच्या मध्ये राहत होती, आणि माझा तिच्याशी परिचय नव्हता.

एका वर्षी एक्केचाळीस हेडफोन आले. त्यांत एक काळा होता, भारदस्त, पकड घट्ट. कानाभोवती तो असा बसे, की बाहेरचा आवाज आत येईना आणि आतला खर्ज बाहेर जाईना. रेघ जवळजवळ सपाट. दाब सगळीकडे सारखा, आकडा चार. तो पहिला आला. एक राखाडी होता, मऊ गाद्यांचा, ढिला, जरा बावळट. तो अकरावा आला.

यादी छापून गेल्यावर तो काळा हेडफोन मोजपट्टीने कागदात गुंडाळून वहिनीला दिला.

वहिनी म्हणजे तिच्या दादाची बायको. ती एका मोठ्या कार्यालयात साक्षी-जबाबांची ध्वनिमुद्रणे ऐकून टाइप करते. जिथे बाकीचे कंसात 'अस्पष्ट' लिहून पुढे जात, तिथे वहिनी तीनदा ऐकून शब्द पकडे. दिवसाला बावीस पाने, हा तिचा नेम होता. तिच्या विभागाच्या मोठ्या बाई नव्या लोकांना तिच्या टेबलाशी आणून उभे करत.

पुढचे मला नंतर कळले, पण तुम्हाला आत्ताच सांगतो. काळा हेडफोन घालू लागल्यावर वहिनीची पाने एकोणीसवर आली, मग सोळावर. दुपारनंतर डोके ठणके. दबक्या आवाजात बोलणाऱ्यांचे शब्द निसटत, शेजारच्या टेबलांची खटखट मध्येच आत शिरे. 'अस्पष्ट' वाढले. मोठ्या बाईंनी तिला बोलावून सांगितले, महिनाअखेरपर्यंत पाहू, नाहीतर तळघरातल्या दप्तरखान्यात बदली. तिथे कागद लावायचे असतात. ऐकायचे काही नसते.

घरी मोजपट्टीने विचारले, "कसा आहे हेडफोन?" वहिनी म्हणाली, "छान आहे गं."

महिना संपायला सोळा दिवस असताना, एका संध्याकाळी वहिनी आमच्या खोलीत आली.

"काय मोजपट्टी, आज घरी यायचा विचार आहे का?"

"दहा मिनिटं थांब वहिनी. तू कशी काय इकडे?"

"सहज." ती खुर्चीवर बसली, माझ्याकडे पाहिले, मग भिंतीवरच्या यादीकडे. "तो अकरा नंबरचा खरंच इतका वाईट आहे का गं?"

"वाईट नाही. ढिला आहे. का?"

"असंच."

"असंच विचारणारा माणूस पहिल्या तीन नंबरांबद्दल विचारतो. अकराव्याची चौकशी काम असल्याशिवाय कुणी करत नाही."

"शेजारच्या टेबलावर आहे. परवा माझी वायर जरा बिघडली म्हणून तासभर घातला." वायर बिघडली नव्हती, हे लाकूड असूनही मला कळले.

"मग?"

"मग काही नाही. तो तासभर माझं डोकं माझ्याकडे होतं."

असे म्हणून तिने चष्मा काढला आणि कानाच्या वरची जागा बोटाने चोळली. मोजपट्टी उठली. तिने टेबलावरची पट्टी घेतली.

"हलू नकोस."

"आता माझं डोकं मोजणार?"

"वहिनी, इथे खाच पडली आहे. दोन सेंटिमीटर. दुसरीकडेही आहे. कधीपासून?"

वहिनी चष्म्याच्या काचा पुसू लागली.

"कधीपासून?"

"तू दिलास तेव्हापासून. इथे कुणीतरी बोट टेकवून बसतं आणि उचलतच नाही, असं वाटतं."

"आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस?"

"तू किती कौतुकाने दिलास. तुझ्या यादीतला पहिला. मला वाटलं, त्याच्यात कशाला खोट असेल, माझंच वय झालं." मग तिने दप्तरखान्याचेही सांगून टाकले, हसत हसत, जणू शेजारणीची गोष्ट सांगते आहे.

मोजपट्टीने पट्टी खाली ठेवली. तिने वहिनीच्या हातातला चष्मा घेतला आणि माझ्या डोळ्यांवर चढवला. तो घसरून टेबलावर पडला. पुन्हा चढवला, पुन्हा पडला. मला नाक नव्हते ना. मग तिने डबीतले खोडरबर काढले, डोळ्यांच्या मधोमध चिकटपट्टीने डकवले आणि त्यावर चष्मा टेकवला. मित्रांनो, माझे पहिले नाक हे असे.

"मामासारखा दिसतोय," वहिनी म्हणाली. चष्म्याशिवाय तिला फारसे दिसत नव्हते, तरी.

त्यावर काळा हेडफोन चढला. कानांच्या वरच्या चकतीवर आकडा उमटला.

सतरा.

मोजपट्टीने हेडफोन काढला, परत घातला. सतराच. मग तिने स्वर सोडला. खर्जाची बाजू पडद्यावर उतारासारखी खाली आली. चष्म्याच्या काडीपाशी गादीला फट पडली होती. आवाज तिथून गळत होता आणि बाहेरचा आत येत होता. ज्या घट्ट पकडीला आम्ही पहिला नंबर दिला, तीच पकड काडीला कातडीत रोवत होती.

मग राखाडी. त्याची मऊ गादी काडीभोवती बसली आणि मिटली. पाच. रेघ होती तशीच.

मोजपट्टी खाली बसली. "पाच वर्षं," ती म्हणाली. "पाच वर्षं मी याचं ऐकत आले."

मला तेव्हा काय वाटले? मी खोटे एकदाही बोललो नव्हतो. चार होते तिथे चारच सांगितले. पण मला जे घातले नव्हते त्याविषयी मला कुणी विचारले नाही, आणि मलाही ते सुचले नाही.

त्याच संध्याकाळी राखाडी हेडफोन वहिनीच्या पिशवीत गेला. दुसऱ्या दिवशी मोजपट्टीने चष्म्याच्या दुकानातून साध्या काचांची चौकट आणली आणि एक्केचाळीस हेडफोन पुन्हा तपासायला घेतले. नऊ दिवस लागले. पहिला होता तो चौतिसावा आला, अकरावा होता तो दुसरा.

संपादकांनी यादी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली.

"दोन हजार प्रती वाटून झाल्यात. आता छापायचं काय? आमचं डोकं चुकलं म्हणून?"

"हो. तसंच छापायचं."

"लोक हसतील."

"हसू देत. दुखत असेल त्यांचं तरी थांबेल."

पुढच्या अंकात ही चौकट आली. मला ती पाठ आहे.

दुरुस्ती: या वर्षीच्या यादीतले सर्व गुण चष्मा नसलेल्या डोक्यावर मोजलेले होते. ही गोष्ट आम्ही कुठे लिहिली नव्हती, कारण ती आमच्या लक्षात आली नव्हती. नवी यादी सोबत आहे. जुनी फेकू नये. ज्यांना चष्मा नाही त्यांच्यासाठी ती अजून बरोबर आहे.

आणि वहिनी? खाच भरून यायला आठवडा लागला. पाने सतरा झाली, एकोणीस झाली. महिन्याच्या शेवटच्या दिवशी एकवीस. बावीस नाही. मोठ्या बाईंनी गठ्ठा चाळला. त्यात 'अस्पष्ट' दोनच ठिकाणी होते. त्यांनी ती दोन ध्वनिमुद्रणे मागवून स्वतः ऐकली. "इथे मलाही काही कळत नाही," असे म्हणून त्यांनी गठ्ठा परत ठेवला. वहिनीची खुर्ची जागची हलली नाही. हे तिने आमच्या खोलीत येऊन सांगितले, आणि सांगताना मोजपट्टीच्या पाठीत एक धपाटा घातला. त्याचा दाब कुणी मोजला नाही.

आता माझ्या जागी नवे डोके आहे. त्याला नाक आहे, जबडा हलतो, डोक्यावर अंबाडाही बांधता येतो. मी कपाटाच्या वर असतो. माझा डावा कान कडक होऊन चिरला आहे. येणारेजाणारे माझ्यावर टोपी अडकवतात. धूळ बसते. मला दुखत नाही, पण आता दुखणे कुठे राहते ते माहीत आहे. ते आकड्यात नसते. ते ज्याचे असते, त्याला विचारावे लागते, आणि विचारून थोडे थांबावे लागते.

मित्रांनो, माझे एकच मागणे आहे. कुणी तुम्हाला सांगेल, ही वस्तू सर्वांत चांगली. तेव्हा विचारा, ती कुणाच्या अंगावर मोजली? आणि एखाद्या जुन्या मोजणाऱ्याला अडगळीत टाकाल, तर वर्षातून एकदा कोरड्या फडक्याने पुसा. लाकडाला तेवढे पुरते.

आमची पहिली यादी निघाली, त्या वर्षी एका वाचकाचे पत्र आले होते. त्यात एकच ओळ होती: तुमच्या डोक्याला चष्मा आहे का? त्यावर पोचल्याची तारीख टाकून ते फाइलला लावण्यात आले.